नारिंगी बेट

केकवर कर्करोगाचा नकाशा काढलेला होता. साखरेचे ठिपके होते ते. निळे टी पेशींचे, हिरवे बी पेशींचे, खाली डावीकडे तपकिरी पट्टा भक्षक पेशींचा, आणि निळ्या-तपकिरीच्या मधल्या पांढऱ्या सायीत एक छोटं नारिंगी बेट. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी सुरीने नेमकं ते बेट उचललं आणि ठिपकेताईच्या तोंडाशी नेलं. "बेट तुझं, पहिला घास तुझा," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. तिने तोंड उघडलं. खाण्याचा रंग स्वस्तातला असावा. दुपारी ती स्वच्छतागृहातल्या आरशासमोर उभी राहून बोटाने दात घासत होती, तरी नारिंगी काही निघाला नव्हता.

ठिपकेताई हे तिचं कामावरचं नाव. वय चाळिशीच्या अलीकडे, चष्मा जाड, चाल भराभर, हसणं कमी. मोठ्या आतड्यातल्या गाठीत शरीराच्या टी, बी, भक्षक अशा कोणकोणत्या संरक्षक पेशी घुसून बसलेल्या असतात, त्यांतल्या कोण लढतात, कोण थकतात, कोण गाठीलाच फितूर होऊन तिची राखण करतात, हे एकेक पेशी वेगळी वाचून ठरवायचं आणि प्रत्येक पेशीचा एक ठिपका संगणकाच्या पडद्यावर मांडायचा, हे तिचं काम. सारख्या पेशींचे ठिपके शेजारी येतात, त्यांचे खंड बनतात. खंडांना नावं तिने द्यायची.

तिच्या वडिलांचं मटणाचं दुकान होतं. ते गेल्यावर मोठा भाऊ चालवतो. लहानपणी शाळेतून आलं की मागच्या मोरीत आईशेजारी बसून आतडी धुवायची, हे तिच्या वाटणीचं काम होतं. आतड्याचं तोंड नळाला लावायचं, पाणी सोडायचं, मग बोटं आत घालून ते पायमोज्यासारखं उलटं करायचं आणि नखाने खरवडायचं. नखांत जे अडकायचं ते साबणाने जात नसे. वर्गातल्या मुली तिच्या शेजारी बसायला कां-कूं करत. आयुष्यात पुन्हा आतड्याला हात लावायचा नाही असं ठरवून तिने गणित घेतलं, मग संगणक, आणि बरीच वर्षं घासल्यावर नोकरी मिळाली ती आतड्याच्या गाठींवर. भाऊ यावर अजून हसतो. "एवढं शिकून आलीस कुठे, तर मोरीतच!"

फरक एवढाच की तिच्यापर्यंत आतडं आकडे होऊन पोचतं. वास कात्रीकाकांकडेच राहतो.

कात्रीकाका म्हणजे तळमजल्यावरच्या टेबलाचे मालक. शस्त्रक्रियेच्या खोलीतून बर्फाच्या डब्यात गाठीचा बोराएवढा तुकडा त्यांच्याकडे येतो. कधी स्वच्छ, कधी विष्ठेने माखलेला, वर शेंबडासारखा बुळबुळीत थर. काका तो धुतात, बारीक कात्रीने चिरून-चिरून त्याचा लगदा करतात आणि पेशींमधले धागे विरघळवणाऱ्या कोमट विकराच्या पाण्यात ठेवतात, म्हणजे पेशी एकमेकींपासून सुटतात. खोलीत ओल्या लोखंडाचा आणि आंबलेल्या कशाचा तरी वास कायम असतो. काका त्याच टेबलापासून हातभर अंतरावर, दाराबाहेरच्या बाकावर, डबा खातात. डब्याच्या झाकणाखाली काय आहे ते ठिपकेताईने कधी पाहिलं नाही. पाहायची इच्छाही नव्हती.

सुटलेल्या पेशींचं गढूळ पाणी एका यंत्रात जातं. यंत्र प्रत्येक पेशीला तेलाने वेढलेल्या एका सूक्ष्म थेंबात बंद करतं आणि थेंबाला त्याची खूण देतं. त्या पेशीत कोणती जनुकं चालू होती ते नंतर वाचलं जातं, आणि तो थेंब म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: एका थेंबात एक पेशी. अधूनमधून एका थेंबात दोन शिरतात. पाणी दाट असेल तर जास्त वेळा. यंत्राला ते कळत नाही. ते दोघींना मिळून एकच समजतं.

यंत्राच्या एका फेरीत दोन रुग्णांच्या पेशी एकत्र घालायच्या, एक पुरुष आणि एक बाई, अशी इथली पद्धत. फेऱ्या वाचतात, आणि पुरुषाच्या पेशी वाय गुणसूत्रावरच्या जनुकांवरून, बाईच्या पेशी फक्त बायकांत चालू असणाऱ्या एका जनुकावरून मागाहून वेगळ्या काढता येतात. काका याला लग्न म्हणतात.

"आज कुणाचं लग्न, काका?"

"नवरा सत्तरी उलटलेला, नवरी पन्नाशीतली. दोघांच्या गाठी उजव्या बाजूला. जोडा शोभतोय."

"मुलाकडच्यांचं काय म्हणणं?"

"मुलाकडचे भूल घेऊन झोपलेत."

ज्या थेंबात पुरुषाची आणि बाईची अशी दोन्ही जनुकं बोलत, त्यात दोन पेशी आहेत हे उघडच असे. असे थेंब पहिल्याच फाटकावर, म्हणजे संगणकाच्या पहिल्या तपासणीत, आपोआप वेगळे निघत आणि संगणकातल्या 'टाकाऊ' नावाच्या कप्प्यात जाऊन पडत. तिथे कुणी डोकावत नसे. कचऱ्यात कोण हात घालणार?

नारिंगी बेट ठिपकेताईला सापडलं ते टी पेशी आणि भक्षक पेशी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. तिथल्या ठिपक्यांवर दोन्हींच्या खुणा होत्या. जोडथेंब, म्हणजे दोन पेशी शिरलेले थेंब, पकडण्यासाठी एक चाळणी असते, गणिताची, आणि त्या चाळणीने बेटावरच्या बहुतेक ठिपक्यांवर संशय घेतला होता. ठिपकेताईने तो संशय स्वतःच्या हाताने बाजूला सारला. तिचा मुद्दा असा की खरोखर दोन्ही स्वभावांची पेशी असेल, तर चाळणीला ती जोडथेंबासारखीच दिसणार. मग नवीन काही सापडायचं कसं? मुद्दा वेडगळ नव्हता. असल्या कामात मुरलेल्या माणसालाच तो सुचू शकतो, आणि तोच अशाने बुडतो.

सरांनी, म्हणजे प्रमुखांनी, त्या ठिपक्यांना सेतुपेशी असं भारदस्त नाव दिलं. बेटाचं चित्र छापलेले कप काढले. ठिपकेताईला परिषदांना पाठवलं. तिथे अनोळखी माणसं हातात बशी घेऊन, तोंडात घास असताना, तिला "बेटवाल्या तुम्हीच का?" असं विचारत आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात चटणी असे. दुकानात भावाने नकाशाची मोठी प्रत प्लास्टिकमध्ये मढवून खाटकी ओंडक्याच्या वर टांगली.

बेट मोठं असलेले रुग्ण बरे राहतात, असंही आलेखात दिसलं. त्यावरून शेजारच्या रुग्णालयात एक चाचणी सुरू व्हायची होती. गाठ काढल्यावर ज्यांच्या तुकड्यात बेट मोठं निघेल त्यांना कीमो न देता नुसतं लक्ष ठेवायचं, बाकीच्यांना कीमो. कीमोची खोली प्रयोगशाळेच्या वाटेवरच आहे. दार बंद असलं तरी आत कुणी ओकत असलं की बाहेर ऐकू येतं, आणि जंतुनाशकाच्या वासाखालून दुसरा वास येतोच. ठिपकेताई तो पॅसेज श्वास धरून ओलांडते. ज्यांना त्या खोलीत जावं लागणार नाही ते तिच्या नकाशामुळे वाचतील, हे तिला माहीत होतं आणि बरंही वाटत होतं. तिला कायमची जागा देण्याचा ठरावही त्याच नकाशाच्या जोरावर यायचा होता.

नकाशा छापायला जाण्याआधी सरांना आकडा हवा होता.

"अठ्ठ्याण्णव हजार पेशी?" ते म्हणाले. "सेलमधली किंमत वाटते. लाख करून दे."

"आणू कुठून, सर?"

"टाकाऊमध्ये बघ. फाटक थोडं सैल केलंस की निघतील. आपण किती फेकलंय ते एकदा बघ तरी."

म्हणून तिने तो कप्पा उघडला. त्यातलं काही वाचवण्यासारखं आहे का हे पाहायला तिने टाकाऊ थेंब करड्या रंगात नकाशावर सोडले. संगणकाने थोडा वेळ घेतला. मग ठिपके बसले. काही निळ्या खंडात, काही तपकिरी खंडात. ते ठीकच होतं, कारण थेंबातल्या दोन्ही पेशी एकाच जातीच्या असल्या तर असंच होणार. उरलेले बहुतेक सगळे नारिंगी बेटावर गेले. काठाशी नाही, आसपास नाही, बेटावरच, त्याच्या खाचाखोचांसकट, उकिरड्यावर माश्या बसाव्यात तसे. नारिंगी दिसेनासं झालं.

ती खुर्चीतून उठली आणि स्वच्छतागृहात गेली. तिथे आरशासमोर उभी राहून तिने पुन्हा बोटाने दात घासले.

पुढचं सगळं सरळ होतं. पुरुषाची भक्षक पेशी आणि बाईची टी पेशी एका थेंबात अडकली की ठिपका बेटावर पडतो, हे डोळ्यांसमोर होतं. मग त्याच पुरुषाच्या दोन पेशी एका थेंबात अडकल्या तर? त्याही तिथेच पडणार, आणि त्यांना अडवायला फाटक नव्हतं. एक चाळणी होती, ती तिने स्वतः दूर केली होती. बेट त्यांचंच होतं. रुग्ण बरे राहत होते तेही त्या बेटामुळे नाही. ज्यांच्या गाठीत टी पेशी मुळातच भरपूर त्यांचं बरं होतं, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं, आणि जिथे त्या भरपूर तिथे त्या थेंबात अडकणारही जास्त.

ती खाली गेली. कात्रीकाका बाकावर बसून डबा खात होते.

"काका, आपल्या लग्नांना गर्दी किती असायची?"

"मुंगी शिरायला जागा नसायची. सर म्हणाले होते, एका फेरीत निघतील तेवढ्या काढा. मग मी पाणी दाट ठेवायचो. का गं?"

"माझं बेट म्हणजे त्या गर्दीत एकमेकांवर चेंगरलेली माणसं आहेत."

काकांचं चावणं थांबलं. तिने समजावून सांगितलं. त्यांनी घास गिळला आणि झाकण लावलं.

"म्हणजे तो केक..."

"हो."

"मी दोन तुकडे खाल्ले होते," काका म्हणाले. मग, "सरांना सांगणार?"

"सांगणार म्हणजे? सांगायलाच हवं."

"तसं नाही. सांगितलंस की ते ऐकतील, याची तयारी ठेव. ते फार छान ऐकतात."

सरांच्या खोलीत सुगंधी फवाऱ्याचा गोडसर वास असतो. तळमजल्यावरून वर आलेल्या माणसाला तो जास्तच गोड लागतो. टेबलावर बेटाचा कप, त्यात पेनं. सरांनी पडदा पाहिला. माणूस हुशार, सांगण्याआधीच समजला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "आणखी कुणाला दाखवलंस?"

"काकांना."

"ठीक. काका आपलेच आहेत." ते खुर्चीत मागे रेलले. "असं बघ. टी पेशी आणि भक्षक पेशी गाठीत एकमेकींना बिलगून असतातच. जोडीने आल्या असतील तर तो दोष कसा? तो शोधच झाला. मिठीतल्या पेशी. नाव बदलू."

"सर, एक पेशी पुरुषाची आहे, एक बाईची. दोघं वेगळ्या टेबलांवर होते. त्यांची पहिली भेट काकांच्या नळीत झाली."

"ते टाकाऊतल्यांचं. बेटावरच्या एकाच रुग्णाच्या आहेत. त्या मिठीत नव्हत्या हे तू सिद्ध करू शकत नाहीस."

"करता येतं. दोन्ही रुग्णांचं पाणी निम्मं-निम्मं असतं. म्हणजे निव्वळ गर्दीमुळे पुरुष-बाई अशा जितक्या जोड्या पडतील, साधारण तितक्याच एकाच माणसाच्या पडायला हव्यात. मोजलं मी. तितक्याच आहेत. मिठीसाठी मूठभरही ठिपके उरत नाहीत."

सर हसले. ते हसणं रागाचं नव्हतं, आणि हेच त्यातलं वाईट. "तू चांगलं काम करतेस म्हणून तुला असल्या शंका येतात. पण चाचणीत नुकसान कुणाचं आहे? बेट मोठं असलेले एरवीही बरे राहतात, तूच म्हणतेस."

"ज्या दिवशी पाणी दाट, त्या दिवशी बेट मोठं. कुणाला कीमो नको हे आपण नळीत किती ओतलं त्यावर ठरणार का?"

"दमली आहेस. दोन दिवस घरी जा. रुग्णालयाशी बैठक मी सांभाळतो. करडं चित्र तेवढं आपल्यापाशी ठेव." खण उघडून त्यांनी पेपरमिंटची डबी पुढे केली. "आणि ठराव तोंडावर आलाय, लक्षात आहे ना? मी तुझ्या मागे उभा आहे."

तिने एक गोळी घेतली. तळहातात ती जरा वेळाने चिकट झाली. पुढे या सगळ्याबद्दल बोलताना तिने सगळ्यात जास्त शिसारी कशाची आली असं सांगितलं असेल, तर त्या गोळीची, म्हणजे ती घेतल्याची.

सुटीच्या दिवशी ती दुकानावर गेली. नकाशा ओंडक्याच्या वर टांगलेला होता, प्लास्टिकवर चरबीचे बारीक शिंतोडे उडून सुकले होते आणि हिरव्या खंडावर एक माशी बसली होती.

"ये, शास्त्रज्ञीणबाई," भाऊ म्हणाला. "लोकं विचारतात हे कसलं डिझाइन. मी म्हणतो, बहिणीचा शोध. मग कुणी वजनावरून हुज्जत घालत नाही."

"दादा, काढ ते. बेट खोटं आहे."

"खोटं म्हणजे?"

"दोन पेशी चिकटून एक वाटली. शेकडो वेळा. मीच फसले."

भावाने सुरी पुसली. "मग आता नोकरी?"

"सांगितलं सगळ्यांना तर बहुधा जाईल. सरांना सांगितलं, ते नको म्हणतात."

आतून आईचा आवाज आला. "त्यांना काय झालं नको म्हणायला? आतडं त्यांचं आहे का?"

"आई, तुला आतून ऐकू येतं?"

"तू मोरीत येऊन बोललीस तर अजून चांगलं ऐकू येईल. इकडे ये. गुडघा दुखतोय, हात लाव."

"नोकरी गेली तर इथे जागा आहे हं," भाऊ मागून म्हणाला. "मोरीत तुझा पाट कधीचा रिकामा आहे."

ती मोरीत बसली. आई शेजारी पाटावर. दोघींनी मिळून बादलीभर आतडी उलटी करून खरवडली. वास होता तसाच होता. लोक म्हणतात माहेरचा वास बरा वाटतो वगैरे. तिने तोंडाने श्वास घेतला. आईने विचारलं, "मुद्दाम केलं नव्हतंस ना?"

"नाही."

"मग घाबरतेस कशाला?"

"मुद्दाम केलं नव्हतं, आई. पण आता गप्प बसले तर मुद्दामच होईल."

आईने पुढचं आतडं तिच्या हातात दिलं.

बैठकीला तिला बोलावलं नव्हतं, तरी ती गेली. सरांनी तिला पाहिलं आणि नेहमीच्या सवयीने लॅपटॉपकडे बोट केलं. इथली ही पद्धतच होती: सर बोलायचे आणि चित्रं ती पुढे सरकवायची. समोर गाठी कापणारे सर्जन आणि चाचणी चालवणाऱ्या कीमोच्या डॉक्टरीणबाई. प्रत्येकापुढे बेटाचा कप, कपात चहा, चहावर साय.

सर छान बोलतात. "पुढचं," ते म्हणाले आणि गाठ आली. "पुढचं," आणि खंड आले. "पुढचं," आणि बेट आलं, स्वच्छ, नारिंगी. ते सेतुपेशींबद्दल बोलू लागले. ठिपकेताईने आणखी एक बटण दाबलं. करडे ठिपके वरून पडले आणि बेट झाकलं गेलं.

"पुढचं," सर म्हणाले.

तिने हात बटणावरून काढून घेतला.

"पुढचं," सर पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे करडे काय आहेत?"

"कचरा," ठिपकेताई म्हणाली. "एका थेंबात एक पुरुष आणि एक बाई सापडली म्हणून आम्ही फेकलेले. ते बेटावर पडतात, कारण बेटही तसंच बनलंय. फक्त तिथे दोन्ही पेशी एकाच माणसाच्या आहेत, म्हणून आम्हाला दिसलं नाही. चाळणीने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

सर्जन पुढे वाकले. "म्हणजे माझा म्हातारा आणि ह्यांची पेशंट एका थेंबात?"

"हो."

"आणि यावर आपण कीमो ठरवणार होतो?"

"हो."

सर्जन एकदा हसले, आणि इतर कुणी हसत नाही हे पाहून थांबले. डॉक्टरीणबाई कपाकडे पाहत होत्या. "चाचणी मंजूर होणारच म्हणून मी एका बाईला आधीच सांगून बसलेय," त्या म्हणाल्या. "तुमचं बेट मोठं आहे, तुम्हाला कीमो लागणार नाही म्हणून. खुर्चीत बसून ती आनंदाने रडली. तिच्या मुलीने माझ्यासाठी फुलं आणली." त्यांनी कप बोटाने दूर सारला. "आता तिला काय सांगू मी? की तुमच्या दोन पेशी चुकून एका थेंबात गेल्या होत्या?"

चहावरची साय आक्रसत होती.

मग सरांनी घसा साफ केला. "म्हणूनच," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कुठे ओरखडासुद्धा नव्हता, "आम्ही हे आज तुमच्यासमोर ठेवायचं ठरवलं. चाचणी सुरू होण्याआधी. ही तपासणी आमच्याच गटाने केली आहे आणि मला त्याचा अभिमान आहे."

भिंतीवरची पाल जितक्या सहज बाजू बदलते तितक्या सहज ते झालं. ठिपकेताईने लॅपटॉप बंद केला.

चाचणी थांबली. नोकरी गेली नाही. उलट सरांनी 'एका खोट्या बेटाची गोष्ट' या धर्तीवर नवा लेख लिहवून घेतला, आणि तो बेटापेक्षाही जास्त गाजला. पहिलं नाव तिचं, शेवटचं सरांचं. आता सर ठिकठिकाणी जाऊन शास्त्रातला प्रामाणिकपणा या विषयावर बोलतात. करडं चित्र त्यांचं आवडतं झालं आहे. ते आलं की ते एक क्षण थांबतात, म्हणजे लोकांना धक्का बसावा. काका म्हणाले होते ते खरं ठरलं, सर फार छान ऐकतात. ठरावही आला आणि एकमताने मंजूर झाला. कारण दिलं होतं, दक्षता.

दुकानात नकाशा अजून टांगलेलाच आहे. भावाने काढला होता, पण मागे भिंतीला बुरशीचा काळा डाग निघाला म्हणून परत लावला. आई आता गिऱ्हाइकांना सांगते, ही आमच्या पोरीची चूक, आणि ती तिनेच पकडली. आधी बेटाचं सांगायची त्याच आवाजात.

नवा लेख छापून आला त्या दिवशी पुन्हा केक होता. त्यावर करडी साय. करडी साय दिसायला कशी असते, हे ज्याने पाहिलं नसेल त्याला सांगून उपयोग नाही. भांडी घासल्यानंतरचं पाणी थिजून बसावं तशी.

"आता कशाचा केक?" कात्रीकाकांनी विचारलं.

"चुकीचा," ठिपकेताई म्हणाली.

"चुकीचा केक आणलाय?"

"नाही. चुकीबद्दलचा."

सरांनी सुरीने मधला तुकडा उचलला आणि तिच्या तोंडाशी नेला. "पहिला घास—"

तिने तोंड उघडलं नाही. "नाही" असंही म्हणाली नाही. नुसती उभी राहिली, ओठ मिटून. टाळ्यांसाठी वर गेलेले हात काही वाजले, काही राहिले. सरांचा हात तसाच हवेत, आणि करडी साय हळूहळू त्यांच्या मनगटावरून बाहीत उतरत होती. शेवटी काका म्हणाले, "आणा इकडे, मला चालतं," आणि त्यांनी तो तुकडा घेतला.

ती बाहेर पडली. पॅसेजमध्ये कीमोच्या खोलीचं दार बंद होतं आणि आत कुणीतरी ओकत होतं. जिच्या मुलीने फुलं आणली होती ती बाई आता कीमो घेते आहे, हे ठिपकेताईला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आजचा दिवस त्या बाईचा आहे की दुसऱ्या कुणाचा, हे ठिपकेताईला माहीत नव्हतं आणि तिने विचारलंही नाही. बाईचा चेहरा तिने कधी पाहिलेला नाही. तिच्या पेशी तेवढ्या पाहिल्या आहेत.

तिने श्वास धरला आणि भराभर पॅसेज ओलांडला.